व्याह्यांपुरतं इंग्रजी

डिसेंबरात मुलीचं लग्न आहे आणि मुलगा कोइमतूरचा. मुलाबद्दल तक्रार नाही. हिंदी छान बोलतो, पोह्यांवर आमचा इंदुरी जीरावन मसाला मागून घेतो. अडचण व्याह्यांची. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येतं, मला मराठी आणि हिंदी. नोकरीत मी इंग्रजी पत्रं ढिगानं लिहिली, पण ती सगळी 'विथ रेफरन्स टू'नं सुरू होऊन 'युवर्स फेथफुली'ला संपायची. फोनवर व्याह्यांना 'विथ रेफरन्स टू' म्हणता येत नाही.

विहीणबाईंच्या साड्या घ्यायला महेश्वरला जायचं ठरलं, तेव्हा भाची पुण्याहून आली होती. ती भाषाशास्त्र शिकते. म्हटलं, इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर, येऊन-जाऊन दुप्पट. तेवढ्यात माझी जीभ जरा वळवून दे. ती इतकी पटकन हो म्हणाली, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मोटारीत परकी भाषा बोलण्याची एक सोय असते. दोघंही समोर बघतात. आपण चुकलो तरी ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही, दिसतं ते पुढच्या ट्रकवरचं 'हॉर्न प्लीज'. राऊ गाव येईपर्यंत मी बऱ्यापैकी सुटलो होतो. 'ट्रॅफिक इज लेस टुडे, इजन्ट इट? यू हॅव टेकन टी, इजन्ट इट?'

"मामा, प्रत्येक वेळी 'इजन्ट इट' नाही चालत," भाची म्हणाली. वाक्य जसं, तसं त्याचं शेपूट. यू आर कमिंग, तर आर्न्ट यू. ही केम, तर डिडन्ट ही. आपण मराठीत एका 'ना'वर संसार करतो: येतोस ना, जेवलास ना, बरं आहे ना. तोच 'ना' मी इंग्रजीत सरसकट नेऊन ठेवला होता. पुढे महूपर्यंत मी शेपट्या लावत होतो. काम सोपं नाही. वाक्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत सुरुवातीला 'इज' होतं की 'हॅज' तेच आठवत नाही, आणि तेवढ्यात टेम्पो आडवा येतो.

महूला पोहे खायला थांबलो. 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून महू, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी ते भाचीला ऐटीत, इंग्रजीत सांगितलं. ती हसली. गावाचं नाव मऊ, ते आधीचंच. अक्षरांची जुळवाजुळव कुणीतरी मागाहून केली. असेल. पण 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली हे तर खरं ना? म्हणजे इंग्रजी माझ्या दारापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर दोनशे वर्षं येऊन बसलीय आणि मी आत्ता तयारीला लागलोय.

'आय एम हॅविंग वन डॉटर ओन्ली,' मी पोहे खाता खाता व्याह्यांसाठीचं वाक्य घोकत होतो. भाचीनं चमचा खाली ठेवला. "हे परत म्हण ना!" तेव्हा दिसलं, तिचा मोबाइल प्लेटशेजारी उताणा पडलाय आणि त्यावर लाल ठिपका. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचं इंग्रजी हा तिच्या प्रबंधाचा विषय निघाला. आमची इंदुरी मराठी आधीच 'करून राहिलो, येऊन राहिलो' अशी. ते 'राहिलो'च माझ्या 'हॅविंग'मध्ये डोकावतंय का, हे तिला बघायचं होतं.

"मग शेपट्या कशाला शिकवल्यास?"

"तू विचारलंस म्हणून. पण आता आणखी सुधारू नकोस हं, मामा. इंदूरचा नमुना माझ्याकडे एकच आहे."

नमुना! त्यानंतर जाम दरवाज्यापर्यंत मी मराठीतही फारसं बोललो नाही. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेला हा दरवाजा. इथे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत खाली निमाडात उतरतो. वारा असा, की रेकॉर्डिंगमध्ये फक्त तोच आला म्हणे. बरं झालं.

महेश्वरला दुकानात गादीवर बसलो, साड्या उलगडल्या जाऊ लागल्या आणि नेमका व्याह्यांचा फोन आला. भाचीनं डोळ्यांनीच स्पीकर लावायची विनवणी केली. व्याह्यांनी विचारलं, साडी सिल्कची की कॉटनची? आता गर्भरेशमी साडीत ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. ताण्याबाण्याला इंग्रजीत काय म्हणतात? भाचीकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत होती.

'लाँग थ्रेड सिल्क ओन्ली,' मी म्हणालो. 'साइड थ्रेड कॉटन ओन्ली. गुड, इजन्ट इट?'

पलीकडे क्षणभर शांतता. मग व्याही मोकळेपणी म्हणाले, 'सेम, सेम! हिअर ऑल्सो वी हॅव कोरा कॉटन. सिल्क अँड कॉटन मिक्स ओन्ली.' मग त्यांच्याकडची वीण कशी, रंग कुठले, हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं आणि मला जवळजवळ सगळं समजलं. जेवण झालं का विचारलं. मी म्हणालो, 'नाऊ ओन्ली गोइंग.' ते म्हणाले, 'वी ऑल्सो, नाऊ ओन्ली.'

फोन ठेवल्यावर भाची जवळजवळ नाचायचीच राहिली. "त्यांचं 'ओन्ली' ऐकलंस? तमिळमध्ये असा जोर द्यायला 'तान' लावतात. तुझा मराठीतला 'च' आहे ना, तोच! मामा, त्यांचा नंबर दे."

बायको या सगळ्यात नव्हती. तिनं तेवढ्यात चार साड्यांचे फोटो विहीणबाईंना पाठवले होते आणि उत्तरही आलं होतं: एक अंगठा, दोन हात जोडलेले, आणि जांभळ्या साडीभोवती बोटानं काढलेला लाल गोल.