कॅरोलायनाचे भात

माझे आजोळ मुळशी तालुक्यातले. आजीचे लाकडी मुसळ आता आमच्या पुण्याच्या घरी, गॅलरीच्या कोपऱ्यात उभे असते. आजी भात कांडायची तेव्हा घाव कसा तोलून घालायची, हे मी लहानपणी उखळाशेजारी बसून पाहिले आहे. घाव जड पडला की दाणा मोडून त्याची कणी होते आणि हलका पडला तर तूस सुटत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील एका वसाहतीचा इतिहास गेले काही महिने वाचताना मला सतत हे मुसळ आठवत राहिले, कारण त्या वसाहतीची सारी श्रीमंती अशाच उखळांतून निघाली होती.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६३ मध्ये आपल्या आठ सरदारांना कॅरोलायनाची सनद दिली आणि १६७० मध्ये चार्ल्स टाउन, म्हणजे आजचे चार्ल्सटन, वसले. पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी अनेक जण बार्बाडोस बेटावरून, तिथली उसाच्या मळ्यांची आणि गुलामगिरीची रीत सोबत घेऊनच आले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे भाताचे पीक रुजले आणि १७०८ पर्यंत वसाहतीत गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी लोकांची संख्या जास्त झाली.

भाताची शेती किती कष्टाची असते, हे चिखलणी आणि आवणी पाहिलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. कॅरोलायनात तर सायप्रस झाडांच्या दलदलीतून खाचरे काढावी लागत, डास आणि हिवताप सोसावा लागे. मळ्यांचे मालक उन्हाळा लागला की शहरात राहायला जात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भातशेती नद्यांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सरकली. भरतीच्या रेट्याने नदीचे गोडे पाणी वर चढले की बांधातील लाकडी दारे उघडून ते शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे. कोकणातल्या खारजमिनीच्या बांधांना अशीच दारे असतात, पण तिथे ती खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी. मैलोन्‌मैल लांबीचे हे बांध गुलामांनी फावड्यांनी घातले. प्रत्येकाला दिवसाचे काम नेमून दिलेले असे, साधारणपणे पाव एकर रान. आणि सुगीनंतर, यंत्रे येईपर्यंत, कांडण हातानेच चाले. अखंड दाण्याला भाव मिळे, त्यामुळे आजीच्या हाताला जे कसब होते तेच तिथे बायका-पुरुषांकडून सक्तीने वसूल केले जाई. भातशेतीचे ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून नेमके किती आले यावर अभ्यासकांत वाद आहे. पण चार्ल्सटनच्या जाहिरातींत ‘भातकिनाऱ्या’वरून आणलेली माणसे म्हणून खास उल्लेख असत, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

९ सप्टेंबर १७३९ च्या रविवारी स्टोनो नदीजवळ सुमारे वीस गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, वाटेत आणखी माणसे गोळा करत, ते स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने निघाले, कारण तिथे पळून आलेल्यांना स्वातंत्र्य मिळत होते. उठाव मोडला गेला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे आणि त्यांनी ढोल बाळगणे, दोन्हींवर बंदी घातली.

या इतिहासातला जो माणूस माझ्या मनातून जात नाही, तो म्हणजे हेन्री लॉरेन्स. सिएरा लिओनच्या नदीतील बन्स बेटावर इंग्रज व्यापाऱ्यांची गुलामांची वखार होती. तिच्या मालकांपैकी एक होता रिचर्ड ऑसवाल्ड आणि चार्ल्सटनमध्ये त्याचा आडत्या होता लॉरेन्स. त्याच्या पेढीने हजारो माणसे विकली. इंग्लंडविरुद्धच्या अमेरिकी क्रांतीची चाहूल लागली तेव्हा हाच लॉरेन्स चार्ल्सटनच्या सुरक्षा समितीचा प्रमुख झाला. टॉमस जेरेमाया हा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस बंदरात जहाजांचा वाटाड्या होता. गुलामांना चिथावल्याचा आरोप ठेवून त्याला १८ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी दिले गेले आणि त्याचे प्रेत जाळले गेले. इंग्रज गव्हर्नरने विरोध केला, पण त्याचे काही चालले नाही. पुढच्याच ऑगस्टमध्ये लॉरेन्स आपल्या मुलाला पत्रातून कळवतो की मला गुलामगिरीची घृणा आहे. त्या मुलाने, जॉनने, ते शब्द खरे मानले. गुलामांना स्वातंत्र्याच्या बोलीवर सैन्यात घ्यावे अशी त्याची योजना होती. १७७९ मध्ये बंड केलेल्या वसाहतींच्या काँग्रेसने तीन हजारांची अशी फौज उभारण्याची शिफारसही केली, पण दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने ती फेटाळली. २७ ऑगस्ट १७८२ रोजी, युद्ध जवळपास संपलेले असताना, कोंबाही नदीकाठी एका चकमकीत जॉन मारला गेला.

मधल्या काळात इंग्रजांनी १२ मे १७८० रोजी चार्ल्सटन जिंकले होते. बंडखोरांच्या मळ्यांवरून पळून येणाऱ्या गुलामांना त्यांनी आश्रय देऊ केला होता आणि हजारो माणसे त्यांच्या छावण्यांकडे निघाली. त्यांतली कितीतरी देवीच्या साथीत दगावली. समुद्रात इंग्रजांच्या हाती लागलेला लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याच्या बदल्यात त्याची सुटका झाली. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणासमोर पेशव्यांच्या हरिपंत फडक्यांसोबत टिपूशी तह करत होता, हे पुण्यात बसून वाचताना ते दूरचे युद्ध एकदम आपल्या अंगणापर्यंत येते.

३० नोव्हेंबर १७८२ रोजी पॅरिसमध्ये तहाच्या मसुद्यावर सह्या झाल्या. इंग्लंडच्या बाजूने बसला होता बन्स बेटाचा ऑसवाल्ड, आणि समोर, अगदी शेवटच्या क्षणी येऊन पोहोचलेला, त्याचा जुना आडत्या लॉरेन्स. लॉरेन्सच्या आग्रहावरून मसुद्यात एक कलम घातले गेले, की इंग्रज फौजांनी जाताना अमेरिकनांचे निग्रो किंवा इतर मालमत्ता सोबत नेऊ नये. मुलाच्या मृत्यूला तेव्हा तीन महिने झाले होते.

१४ डिसेंबरला इंग्रजांनी चार्ल्सटन सोडले. त्यांच्या जहाजांतून हजारो कृष्णवर्णीय माणसे गेली. काही मुक्त होऊन, आणि बरीच राजनिष्ठ मालकांची मालमत्ता म्हणून जमैकाच्या मळ्यांवर. मागे राहिलेल्यांना पुढच्या वसंतात पुन्हा खाचरांत उतरावे लागले.