आमच्या नळाचा डोंगर

आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात जमिनीखाली पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा आहे. विहीर खणली तर खारं, बोअर मारलं तर आणखी खारं. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, चहा फाटतो. आणि तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा अखंडच राहतो. आईनं या पाण्यावर उभा संसार केला. पावसाळ्यात पन्हाळीखाली हंडे मांडायचे, उन्हाळ्यात गोड्या विहिरीच्या गावाहून बैलगाडीवर टाकी आणायची. बाबांचे शेवटचे दिवस डायलिसिससाठी अकोल्याच्या फेऱ्या मारण्यात गेले. डॉक्टर कधी एका कारणावर बोट ठेवत नाहीत, पण आईच्या मनात कारण पक्कं आहे.

पुढे शहानूर धरणाच्या योजनेचा नळ दारात आला. आमच्याकडे नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही, ‘शहानूर आला’ म्हणतात. आई भल्या पहाटे उठून शहानूरची वाट बघते. हे पाणी येतं कुठून, तर अंगणातून उत्तरेला जी निळी रेघ दिसते त्या सातपुड्यातून, गाविलगडच्या डोंगरातून. मी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवते. पूर्णेचं खोरं, पायनघाट, मेळघाट हे सगळं फळ्यावर काढून झालं, पण ज्या डोंगराचं पाणी आई रोज पिते तो डोंगर तिनं कधी जवळून पाहिला नव्हता. म्हणून मार्चच्या सुरुवातीला तिला घेऊन मेळघाटात गेले.

मेळघाट म्हटलं की आमच्या भागातले लोक चिखलदऱ्याला जातात, भीमकुंड बघतात, मक्याचं कणीस खातात आणि संध्याकाळी परततात. मला जंगलात मुक्काम करायचा होता. मेळघाट हा 1973-74 साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 361 चौरस किलोमीटरचं. राहण्यासाठी मी वनविभागाचं कोलकासचं विश्रामगृह निवडलं, कारण ते सिपना नदीच्या काठावर आहे आणि आईला नदी दाखवायची होती. ऑनलाइन बुकिंग होतं.

अकोट, अंजनगाव, परतवाडा. परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. तिथून धारणीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होतो आणि हवा बदलते. घटांगच्या पुढे सागाचं राज्य. मार्चमध्ये सागाची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे डोंगराचा उतार अंगासकट दिसतो: काळा बसाल्ट, त्यावर पानांचा जाड थर, मधूनच पेटल्यासारखा फुललेला पळस. सेमाडोहला चहा घेतला, निसर्ग निर्वचन केंद्रात आईनं प्रत्येक पाटी मला मोठ्यानं वाचायला लावली आणि उन्हं कलायच्या आत कोलकासला पोचलो.

विश्रामगृह टेकाडावर आहे. समोर व्हरांडा, आणि व्हरांड्यातून खाली सिपना वळण घेऊन जाताना दिसते. मार्चमध्ये नदी वाहत नाही म्हटलं तरी चालेल, पण डोह भरलेले असतात. काळ्या दगडाच्या मधोमध हिरवट, खोल, स्वच्छ पाणी. वनविभागाचे हत्ती संध्याकाळी तिथे अंघोळीला आणतात. आई पायऱ्या उतरून थेट पाण्याशी गेली, ओंजळीत घेऊन आधी वास घेतला, मग जिभेवर थेंब घेतला. खारपाणपट्ट्यातली बाई कुठलंही पाणी आधी असंच तपासते.

“हेच आपल्या नळाले येते का वो?”

भूगोलाच्या बाईला उत्तर द्यावं लागलं. हे नाही. हा डोंगर दोन्हीकडे पाणी वाटतो. सिपना उत्तरेकडे जाऊन तापीला मिळते. शहानूर, वान, चंद्रभागा या नद्या दक्षिणेला उतरून आपल्या पूर्णेत येतात. पूर्णाही शेवटी चांगदेवजवळ तापीलाच मिळते. मी वाळूत काडीनं रेघ ओढून दाखवली. आई बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभी राहिली. “म्हंजे डोंगर एकच अन् लेकी दोन घरी देल्या,” ती म्हणाली. वर्गात हा पाणलोट समजावताना मी आता हेच वाक्य वापरते.

रात्री कँटीनमध्ये भाकरी, वांग्याची भाजी, भात आणि तुरीची डाळ. डाळ ताटात पडली आणि आईनं चमच्यानं ती पसरून पाहिली. एकही दाणा अखंड नव्हता. तिनं स्वयंपाक करणाऱ्या भाऊंना बोलावून घेतलं. ते जवळच्याच कोरकू आदिवासींच्या गावातले. सोडा घातला का, किती वेळ शिजवली, पाणी कुठलं? सोडा नाही, कुकर नाही, पातेल्यात चुलीवर ठेवली, अर्ध्या-पाऊण तासात झाली, पाणी हापशीचं. “आजी, डाळ तर अशीच शिजते,” ते म्हणाले. त्यांना तिचा प्रश्नच कळत नव्हता. आई त्यांना सांगू लागली की आमच्याकडे डाळ आदल्या रात्री भिजत घालावी लागते, तरी वरण पाण्यापासून वेगळं राहतं आणि पाव्हणे आले की लाज वाटते. मग दोघांचं डाळीवर, लाकडावर, मोहाच्या फुलांवर बराच वेळ चाललं. तिनं दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली. बाबांना हे वरण मिळालं असतं तर, एवढंच बोलून ती गप्प झाली, आणि मलाही पुढे काही बोलता आलं नाही.

सकाळची सफारी जिप्सीतून. मेळघाटात वाघ आहेत, पण हा डोंगराळ, दऱ्याखोऱ्यांचा, सागाचा मुलूख. ताडोबासारखे पाणवठ्यावर वाघ मांडून ठेवलेले इथे नाहीत. आम्हाला वाघ दिसला नाही आणि मी त्याबद्दल एक ओळही जास्त लिहिणार नाही. दिसले ते गवे. रस्त्याच्या वरच्या अंगाला कळप चरत होता, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातलेले, खांदे डोंगराएवढे. एक भेकर भुंकलं. आमचा गाईड कोरकू तरुण, त्यानं एका झाडाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. वर मधाचं पोळं होतं.

मग त्यानं जिप्सी थांबवली आणि सागाच्या उघड्या फांदीवर बोट केलं. रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड. आपल्या शेतातल्या पिंगळ्यापेक्षा थोराड, डोकं मोठं, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पंखांवर जाड पट्टे. भर उन्हात बसून शेपटी डावी-उजवीकडे हलवत होता. 1884 नंतर हा पक्षी कुणाला जिवंत दिसला नव्हता, सगळे तो नामशेष झाला असं धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ सापडला. याच सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यानंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं दिसून आलं. 113 वर्षं तो इथेच होता, याच सागाच्या ढोलीत पिल्लं वाढवत होता. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “कोरकू लोकायले इचारलं असतं तर त्यायनं सांगतलं असतं.” गाईड हसला आणि म्हणाला, खरं आहे.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते वनरक्षकांच्या संरक्षण कुटीपाशी पाहिलेलं. जंगलात गाडीतून उतरता येत नाही, पण कुटीच्या आवारात पाय मोकळे करायला परवानगी असते. गाईडनं तिथे बुटानं पाला बाजूला सारला. वर सागाची कोरडी, पापडासारखी वाजणारी पानं. त्याखाली कुजून काळी झालेली. त्याखाली बारीक मुळं आणि माती. मी मातीत बोटं घातली. मार्चचं ऊन, शेवटचा पाऊस होऊन चार-पाच महिने लोटलेले, आणि माती गार होती, बोटांना चिकटत होती. मग त्यानं जाळरेषेपलीकडचा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेल्या पट्टीपलीकडचा, एक भाग दाखवला. तिथे मागच्या उन्हाळ्यात वणवा गेला होता. पाला नव्हता. जमीन तांबूस, टणक, बोट आत जात नव्हतं. “इथं पहिला पाऊस पडला की सरळ वाहून जातो, मातीसकट,” तो म्हणाला. तिकडे पडलेला पाऊस झिरपतो, मुरतो आणि डोहात उतरतो. जंगल पाणी धरतं हे मी किती वर्षं शिकवत आले, पण ते असं दोन हातांच्या अंतरावर बोटांनी तपासलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चात वनकर्मचारी आणि गावातले मजूर किलोमीटरच्या किलोमीटर जाळरेषा साफ करतात, उन्हाळाभर रात्री-अपरात्री वणव्यामागे धावतात. दर्यापूरच्या नळाला जे पाणी येतं त्यात या लोकांचे कष्ट आहेत, आणि आमच्यापैकी कुणाला ते माहीतही नाही.

याच्याच सोबत दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. ज्या मेळघाटात धो धो पाऊस पडतो, त्याच मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बाया-पोरं दोऱ्या टाकून ते पाणी ओढतात. उतार तीव्र, खाली कातळ, पाणी थांबत नाही, खाली आमच्याकडे निघून येतं. धरणं पायथ्याला बांधली, नळ मैदानात गेले, डोंगरावरचं गाव कोरडं राहिलं. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक पाण्यासाठी भांडतो आणि भांडलंच पाहिजे, पण आमच्या मागण्यांच्या यादीत खडीमलचं नाव कधी आलं नाही. ते यायला हवं. पाणी वर अडवण्याचे छोटे बंधारे, गावाजवळचे झरे नीट करणं, हे काही धरणाएवढं अवघड नाही.

गाईडच्या आत्याचं गाव व्याघ्र प्रकल्पातून उठून पायथ्याला बसवलेलं. वाघासाठी मोकळी जागा लागते हे मला पटतं. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाचं मन तिथून निघत नाही हेही मला पटतं. 2019 च्या जानेवारीत पुनर्वसित गावांतले लोक जंगलात परत गेले होते आणि केलपाणीजवळ मोठा संघर्ष झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. मी त्याला विचारलं, आत्या काय म्हणते? तो म्हणाला, “म्हणते, इथं नळ आहे, पण नदी नाही.” आईनं त्याला विचारलं, नळाचं पाणी गोड आहे ना? आहे, म्हणाला. “मंग तेवढं तरी बरं,” आई म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “पन नदी नाही म्हंजे कपडे धुवाले, बसाले, बोलाले जागा नाही तिले.” या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं आठवत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. खोली आणि सफारी दोन्हींचं आधी बुकिंग करा, सुट्ट्यांमध्ये आयत्या वेळी काही मिळत नाही. आमच्या फोनला कोलकासला रेंज नव्हती, घरी तसं सांगून निघा. रोख पैसे जवळ ठेवा. थंडी चांगलीच पडते, मार्चच्या पहाटेही स्वेटर लागला. वयस्कर माणूस सोबत असेल तर कोलकासच्या पायऱ्या सावकाश उतरा, आणि डोहात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. वाटेत गवळी लोकांकडचा खवा मिळाला तर घ्या.

खारपाणपट्ट्यातल्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे. शाळेची सहल एखाद्या वर्षी तरी मेळघाटात न्या. शहानूरचं धरण आधी दाखवा, मग सेमाडोहला वर चढा, म्हणजे नळापासून डोहापर्यंतचा रस्ता मुलांच्या पायाखालून जाईल. आमच्या मुख्याध्यापकांनी नववीच्या सहलीला होकार दिला आहे. डिसेंबरमध्ये निघू. आई सोबत येते म्हणते. मुलांना डाळ दाखवायची जबाबदारी तिनं स्वतःकडे घेतली आहे.