पाय, उन्हाळा आणि जाड चादर

सोलापूर, वैशाखातली दुपार

पारा चाळिशीपुढे गेला की शार्को-मारी-टूथ असलेल्यांचे पाय आधी आठवतात. १८८६ साली या आजाराचं वर्णन करणाऱ्या तीन डॉक्टरांवरून पडलेलं हे नाव. दुखणं आनुवंशिक, मुळात नसांचं. नसेचा निरोप पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात. सगळ्यात लांब नसा आधी खचतात, म्हणून सुरुवात पावलांपासून, हातांची पाळी नंतर. आयुष्य सहसा कमी होत नाही. त्यामुळेच घरचे ‘चालतोय की’ म्हणून मोकळे होतात, आणि रोजचा त्रास कुणाच्या हिशेबातच येत नाही.

पाऊल वर उचललं जात नाही, बोटं उंबऱ्याला अडकतात. त्यासाठी बुटात बसणारा प्लास्टिकचा स्प्लिंट असतो. पण सोलापुरी उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचून कातडी सोलते, आणि पाय बधिर असल्यानं कळत नाही. आत शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा हवा. दुपारी तो बदलायचाच. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर तिथे दाब पडतोय. तो भाग बनवणाऱ्याकडून घासून घ्यावा, आत कापूस कोंबू नये. त्यानं दाब वाढतोच. स्प्लिंट नसेल तेव्हा साधी चप्पल नको, पायातून निसटते. मागे पट्टा असलेली सँडल बरी.

गच्चीवर कुरडया घालताना किंवा सिद्धेश्वराच्या आवारात भर दुपारी अनवाणी चालताना पाय भाजतो, आणि फोड दिसल्यावरच समजतं. दर्शन सकाळी लवकर उरकावं. आंघोळीचं पाणी कोपरानं पाहावं, रात्री तळवे आरशात.

आणि आपली चादर! थंडीत जाड सोलापुरी चादर पायथ्याशी घट्ट खोचली की तिच्या वजनानं पाऊल रात्रभर खाली दबलेलं राहतं, टाचेमागची शीर आखडायला मदतच होते. खोचायचीच नाही, पायथ्याशी उशी उभी करून तिच्यावर टाकायची. सकाळी भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला. ३० सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीनदा. जुनं आखडलेलं यानं सुटत नाही, पुढचं आखडणं लांबतं.

थकव्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तोल सांभाळण्यातच निम्मी ताकद जाते. भाकरी बसून थापावी, अंगठ्यात जोर नसेल तर सरळ लाटावी. नाडीऐवजी इलॅस्टिक, शर्टाला बटणांऐवजी वेल्क्रो.

‘कुणाकडून आलं’ हा प्रश्न सुनेकडे बघून विचारला जातो, ते चीड आणणारं आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाची एक जादा प्रत असते. ती आईकडून येते तशी बापाकडूनही, प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. कधी दोघांकडेही नसते, नव्यानंच घडते.

फाईलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव लाल शाईत लिहून ठेवावं. कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन या नसांना फार घातक ठरतं, आणि औषध लिहिणाऱ्याला ते आधी दिसायला हवं.