तुमच्या सोसायटीतल्या नेपाळी मुलाला परदेशी शिकायचंय?

पुण्यातल्या एका कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे निवृत्तीनंतरही एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. विचारणारे बहुतेक मराठीच असतात. "आमच्या वॉचमनचा मुलगा बारावी झाला, हुशार आहे, ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतोय. आम्ही चार घरं मिळून मदत करू. काय काय लागतं?" आणि लगेच पुढचं वाक्य : "आपल्या मुलांना लागतं तेच ना?"

निम्मं तेच. ऑफर लेटर, आयईएल्टीएस किंवा पीटीई ही इंग्रजीची परीक्षा, पैशांचा पुरावा, आरोग्यविमा, हाच अभ्यासक्रम का निवडला ते सांगणारं निवेदन. हे सगळं विद्यापीठाच्या आणि त्या त्या देशाच्या व्हिसाच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, त्यासाठी मला फोन करायची गरज नाही. गाडं अडतं ते नेपाळच्या बाजूला. आणि मुलगा इथेच वाढला असेल तर दोन्ही बाजूंना.

पहिलं विचारायचं ते नागरिकतेचं. नेपाळी माणूस 'नागरिकता' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक प्रमाणपत्र असतं. ते वयाच्या सोळाव्या वर्षानंतर मिळतं, आणि तेही आईवडिलांच्या मूळ जिल्ह्यातल्या जिल्हा प्रशासन कार्यालयातून. त्याच्याशिवाय मोठ्या माणसाचा पासपोर्ट निघत नाही. अलीकडे पासपोर्टच्या अर्जात राष्ट्रीय परिचयपत्राचा क्रमांकही मागतात. आपल्याकडचे लोक इथे हमखास म्हणतात, "अहो, पण तो ससूनमध्ये जन्मलाय, आधार कार्ड आहे त्याचं." आधार हा ओळखीचा पुरावा, नागरिकत्वाचा नव्हे. नेपाळी रहिवाशांनाही तो मिळतो. आणि आईवडील दोघंही नेपाळी असतील तर आज बारावी होणारा मुलगा नुसता पुण्यात जन्मला म्हणून भारतीय होत नाही. कुणा उत्साही कार्यकर्त्याने त्याचं इथलं मतदार कार्ड काढून दिलं असेल तर ते प्रकरण आधी निस्तरा. नेपाळला दुहेरी नागरिकत्व चालत नाही.

खरं तर याच कारणाने ही मुलं परदेशाकडे बघायला लागतात. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत महाराष्ट्राच्या जागेसाठी भारतीय नागरिक असावं लागतं. पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्या फॉर्मवर एकदम परदेशी ठरतो आणि फीचा आकडा बदलतो. भारतात शिकायला त्याला व्हिसा लागत नाही, १९५०च्या भारत-नेपाळ कराराने येणंजाणं मोकळं आहे, त्यामुळे इथे येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत नेपाळचेच सगळ्यात जास्त असतात. पण व्हिसा नको म्हणजे फी कमी, असं नाही.

आता कागद जुळवणं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक फायली इथेच रुतल्या.

आपल्या शाळेत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिपेडी नाव लिहायची पद्धत. नेपाळमध्ये वडिलांचं नाव मुलाच्या नावात येत नाही. मग नागरिकतेवर दोन शब्द आणि बारावीच्या मार्कशीटवर तीन. त्यात वडिलांच्या नावातलं 'बहादुर' मुलाच्या नावाला येऊन चिकटतं. विश्वकर्मा आडनावाची मंडळी कागदोपत्री कधी 'वि.क.' लिहितात, कधी पूर्ण, आणि आपल्या शाळेतल्या बाई त्याचं इमानेइतबारे 'बी. के.' करतात. व्हिसा अधिकाऱ्याने यातून एकच मुलगा कसा ओळखायचा?

जन्मतारखेची तऱ्हा आणखी वेगळी. नेपाळचे सरकारी कागद विक्रम संवतात असतात. आपल्या पंचांगातला संवत दिवाळी पाडव्याला बदलतो, त्यांचा एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात. महिने सौर, कुठला एकोणतीस दिवसांचा तर कुठला बत्तीस. त्यामुळे वर्षातून सरसकट सत्तावन वजा करून भागत नाही, पौषातच इंग्रजी वर्ष बदलतं आणि उरलेल्या महिन्यांना छप्पन्न वजा करावे लागतात. एका मुलीच्या नागरिकतेवर २०६३ सालचा असोज होता, म्हणजे २००६चा सप्टेंबर-ऑक्टोबर. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून २००६. का, ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. जन्मदाखला हातात नसला की गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात, आपल्याकडच्या निम्म्या आजोबांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलून घेणं महाकठीण. म्हणून मूल शाळेत असतानाच गावाकडच्या वडा कार्यालयातली जन्मनोंद बघा आणि दाखला तिच्याशी जुळवून घ्या. वडा म्हणजे खायचा नव्हे, वॉर्ड.

कागद जुळले की मग एनओसी. नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाचं ना हरकत पत्र. आपल्या मुलांना असलं काही लागत नाही, म्हणून मदत करणाऱ्यांच्या यादीत ते नसतंच. नेपाळमधून फीचे पैसे परदेशी पाठवायचे तर बँक हे पत्र मागते, आणि काठमांडूच्या विमानतळावर इमिग्रेशनवालेही बघतात. अर्ज आता ऑनलाइन होतो. पत्र ठरावीक देशासाठी असतं, देश बदलला की नवं काढा. मुलगा महाराष्ट्र बोर्डाचा असेल तर आपली बारावी तिथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचं समकक्षता पत्रही नेपाळमधून आणावं लागतं. लोक याला विसरतात आणि मग ऐनवेळी धावतात.

ऑस्ट्रेलियापुरता क्रम सांगायचा तर आधी ऑफर लेटर, त्यावर एनओसी, एनओसीवर बँकेतून फी, फी पोचली की विद्यापीठाचं सीओई, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, आणि ते हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज. चार घरं मिळून मदत करणारे इथे घाई करतात. कुणीतरी स्वतःच्या कार्डावरून फी भरून टाकतो. हेतू सोन्यासारखा असतो, पण व्हिसाच्या फायलीत प्रश्न उभा राहतो : हा भरणारा कोण, आणि याचं मुलाशी नातं काय? मदत करायचीच असेल तर आधी विचारा, मग पैसे काढा.

पैशांचं सगळ्यात अवघड, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. १० मे २०२४पासून ऑस्ट्रेलिया पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्यापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायला सांगतो, म्हणजे सोळा लाखांच्या वर. फी आणि प्रवास वेगळा. व्हिसाचा अर्जच १ जुलै २०२५पासून २,००० डॉलरला झाला, आणि नकार आला तर ते परत मिळत नाहीत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम निघते अशा खात्यात, ठेवावे लागतात, आणि बारावीनंतर सहसा थेट प्रवेश न देता आधी श्टुडियनकोलेगचं, म्हणजे पूर्वतयारीचं, वर्ष करायला लावतात.

हे पैसे आणायचे कुठून? आपल्या बँकांची शैक्षणिक कर्ज योजना भारतीय नागरिकांसाठी आहे. मग गावची जमीन तारण ठेवून नेपाळी बँकेचं कर्ज. त्यासाठी वडा कार्यालयातून नाता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि जमिनीच्या चतुःसीमेचा कागद, ज्याला तिथे चार किल्ला म्हणतात. वडिलांचा पगार सोसायटी रोख देत असेल तर उत्पन्नाचा पुरावा शून्य. ही मदत मात्र तुम्हाला आजपासून करता येईल : पगार बँकेत जमा करा. वर्षा-दोन वर्षांचं पासबुक चार घरांच्या वर्गणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि नेपाळी बँकेच्या दाखल्यावर चाळीस लाख दिसले की हुरळून जाऊ नका. १९९३पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. ते आपले पंचवीस लाख.

डॉक्टर व्हायचं असेल तर वेगळा घाट. नेपाळच्या राष्ट्रीय वैद्यकीय शिक्षण कायद्यानंतर परदेशात एमबीबीएस करणाऱ्या नेपाळी मुलालाही त्यांच्या वैद्यकीय शिक्षण आयोगाची प्रवेशपरीक्षा पास व्हावी लागते. भारतात करायचं म्हटलं तर नीट आहेच. म्हणजे दोन्ही परीक्षा.

कन्सल्टन्सीबद्दलही विचारतात. काठमांडूच्या पुतलीसडक आणि बागबजारमध्ये पाट्यांवर पाट्या लागलेल्या दिसतील. चांगलेही आहेत. पण "बँक बॅलन्स आम्ही दाखवतो" असं जो म्हणेल त्याच्या जिन्यावरूनच परत फिरा. खोटा कागद सापडला तर नुसता नकार येत नाही, ऑस्ट्रेलियासारखा देश पुढची तीन वर्षं दार बंद करू शकतो. आणि मार्च २०२४पासून तिथे मूल खरंच शिकायला येतंय का, यावर थेट प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावी लागतात. कन्सल्टन्सीने लिहून दिलेली उत्तरं एकाच साच्यातली असतात, वाचणाऱ्याला ती लगेच कळतात. मुलाला स्वतः लिहू द्या, इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालेल.

राहिला प्रश्न कधी सुरुवात करायची. बारावीच्या निकालानंतर नव्हे. दहावीची परीक्षा संपली, वयाची सोळा झाली, की मे महिन्यात मुलाला बापाबरोबर गावी पाठवा, नागरिकता उरकून येईल. जन्मनोंद त्याआधी, शाळेत असतानाच. दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, सुट्टीत जाऊ नका. बाप तेव्हाच रजा मागेल, कारण घरी जायचा सण तो, पण त्या दिवसांत कार्यालयं बंद असतात. त्याला मे महिन्यात रजा द्यायची का, हे मात्र तुमच्या सोसायटीच्या कमिटीला विचारावं लागेल.