अवजारांच्या खोलीची किल्ली

एकोणिसाव्या वर्षी मी एका आंतरराष्ट्रीय श्रमशिबिराची ‘युवा नेता’ झाले. पदासोबत एक पिवळा टीशर्ट, एक शिट्टी आणि एक जाडजूड फाइल मिळाली. फाइलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१५ सालचा ठराव क्रमांक २२५० छापून लावलेला होता. निर्णय घेणाऱ्या मंडळींत तरुणांना जागा द्या, असं सगळ्या देशांना सांगणारा. अवजारांच्या खोलीची किल्ली मात्र संयोजकांच्या खिशात होती.

पहिले तीन दिवस मी फोटोत पुढे उभी राहिले. दुसऱ्याच कुणी लिहिलेलं स्वागताचं भाषण दोन भाषांत वाचून दाखवलं. पण एखादी पहार हवी झाली की विचारायला जावं लागे, आणि संयोजक जेवायला गेलेले असले की चौदा जण रिकाम्या हातांनी बसून.

रॉजर हार्ट यांची ‘सहभागाची शिडी’ मला आधी माहीत असती तर तेव्हाच ओळखलं असतं. युनिसेफसाठी १९९२मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या तीन म्हणजे वापरून घेणं, सजावट आणि नावापुरता सहभाग. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. सजावटीचं त्यांचं उदाहरण म्हणजे एखाद्या उपक्रमाचा टीशर्ट घालून कार्यक्रमात नाचायला-गायला उभी केलेली, पण तो उपक्रम काय आहे हे फारसं ठाऊक नसलेली मुलं. माझा टीशर्ट पिवळा होता, एवढाच फरक.

चौथ्या दिवशी मी किल्ली मागितली. भांडले वगैरे नाही, भांडायची हिंमत नव्हती. रोज संध्याकाळी अवजारं मोजून वहीत लिहीन, एक जरी हरवलं तर जबाबदारी माझी, एवढंच म्हटलं. किल्ली मिळाली. शिट्टीपेक्षा ती फार उपयोगाची निघाली.

काम होतं एका चढावरच्या पायवाटेला दगडी भिंत घालण्याचं. सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगडावर दगड. अशा भिंतीतून पावसाचं पाणी झिरपून जातं, मागे तुंबून भिंतीला ढकलत नाही. मोठे दगड तळाला, मध्ये बारीक चिपांची भर, आणि ठरावीक अंतरावर भिंतीची पूर्ण रुंदी व्यापणारा एक लांब दगड आडवा. तो नसेल तर दोन्ही बाजू फुगतात आणि एक दिवस पोट फुटतं. वाचून हे कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात आमची तीन हात भिंत बसली, तेव्हा कळलं.

अशा शिबिरांची सुरुवातही पडलेलं उभं करण्यापासूनच झाली. १९२०मध्ये पिएर सेरेझोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं वर्दूनजवळचं एन हे फ्रेंच गाव उभारायला स्वयंसेवक जमवले, त्यांत जर्मनही. पुढे १९३४च्या भूकंपानंतर हेच सेरेझोल बिहारमध्ये गावं वसवायला आले. त्यांच्या संस्थेचं ब्रीद होतं, ‘शब्द नकोत, कृती हवी’. वाक्य छान आहे. पण परक्या भाषेच्या माणसाबरोबर मोठा दगड उचलून बघा, ‘थांब’ या एका शब्दाची किंमत कळते. सेरेझोल स्वतः इंजिनिअर होते, त्यांना ठाऊक असणारच.

आमच्यात एक मुलगी अगदी गप्प असायची. संध्याकाळी सगळे गोल बसून दिवसाचा हिशेब मांडत, तेव्हा ती नुसती मान हलवायची. शिबिराआधीच्या प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता दिला होता: कुठल्या संस्कृतीत लोक थेट बोलतात, कुठल्या संस्कृतीत सूचक. मी तिचा देश तक्त्यात शोधला आणि निर्धास्त झाले. ‘त्यांच्याकडे असंच असतं’, असं दोघातिघांना समजावूनही सांगितलं. मोठ्या जाणकारीने.

आठव्या दिवशी ती आणि एक उंच मुलगा तो लांब दगड नेत होते. त्याचा हात निसटायला लागला तसा तो ओरडला, “थांब!” ती थांबली नाही. दगड तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. मुलगा पांढराफटक. मी चिडून विचारलं, ऐकलं नाहीस का?

“नाही,” ती म्हणाली. “डाव्या कानाने मला ऐकू येत नाही.”

लहानपणापासून. आणि रोज संध्याकाळी आम्ही तिला दाराजवळच्या कोपऱ्यात बसवत होतो, बोलणारे सगळे तिच्या डाव्या हाताला. तिच्या देशात लोक कसे बोलतात, हे त्या तक्त्याने मला सांगितलं होतं. तिला ऐकू येतंय का, हे मी विचारलंच नव्हतं. मला ‘तरुणाई’चा नमुना म्हणून फोटोत उभं केलं याचा राग तीन दिवस धुमसत होता, आणि मी तिला तिच्या देशाचा नमुना करून कोपऱ्यात बसवलं होतं. तेही आठ दिवस.

त्या रात्री मी माफी मागितली. ती फारशी दिलासा देणाऱ्यातली नव्हती. “ते जाऊ दे, उद्याचं काय?” म्हणाली. मग आम्ही दोघींनी हातांच्या खुणा ठरवल्या, म्हणजे तिने ठरवल्या आणि मी वहीत काढल्या. मूठ वर म्हणजे थांबा. तळहात खाली म्हणजे हळूहळू टेकवा. दगड उचलण्याआधी दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवायची. सकाळी तिनेच सगळ्यांना शिकवल्या. सहा भाषा बोलणारी माणसं तासाभरात सरावली, माझी शिट्टी खिशातच राहिली. त्यानंतर काम जोरात झालं असं म्हणवत नाही, पावसाने दोन दिवस खाल्ले. पण दगड परत पडला नाही.

शेवटच्या संध्याकाळी अवजारं मोजताना एक हातोडी कमी भरली. ती भिंतीतच राहिली असावी, असं आम्हा सगळ्यांचं मत आहे.

पुढच्या वर्षी त्या शिबिराची प्रमुख ती होती. येणाऱ्या सगळ्यांना पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये तिने तीनच प्रश्न विचारले होते: हातमोज्याचं माप काय, कुठलं काम जमणार नाही, आणि गोलात कुणाच्या कुठल्या बाजूला बसायला आवडेल. मी उत्तरात लिहिलं, तुझ्या उजव्या.