लेकिथोस, अनामत आणि मामांचं पत्र

लंडनला आल्यावर दर रविवारी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रीक दालनांत जायची सवय लागली आणि मग आपल्या घरीही एखादा लेकिथोस असावा असं वाटायला लागलं. लेकिथोस म्हणजे तेलाची उभट, अरुंद गळ्याची कुपी. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सचे लोक ती थडग्यात ठेवत. काहींच्या पोटात तर लपवलेली छोटीशी वाटी असते, म्हणजे थोडक्या तेलात कुपी काठोकाठ भरलेली दिसावी! पैसे साठवले, एका विक्रेत्याकडे वीतभर उंचीची मिळाली, अनामत भरली.

आणि अडकले. कागदावर एकच ओळ होती: ‘खासगी इंग्लिश संग्रह, १९८० पूर्वीपासून.’ कोणाचा संग्रह? गोपनीय. पावती? शोधतोय. फोटो? पुढच्या आठवड्यात. तो पुढचा आठवडा सात महिने चालला. १९७० हे प्राचीन वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या युनेस्को कराराचं साल, त्याआधीचा पुरावा मागायचा असतो, आणि हा मला १९८० दाखवत होता! ग्रीसमध्ये जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची असते. मग ही कुपी तिथून कधी, कशी निघाली, एवढंच मी विचारत होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली दहा लाख डॉलर मोजून घेतलेला, युफ्रोनिओस या चित्रकाराचा क्राटेर (वाइन-पाणी मिसळायचं मोठं भांडं) इटलीतून चोरून नेलेला म्हणून २००८ मध्ये तिकडे परत गेला. तिथे माझी काय कथा?

शेवटी पत्र आलं. टाइप केलेलं, तारीख नाही: ‘आमच्या मामांकडे होती असं आठवतं.’ मी त्याच दिवशी व्यवहार मोडला.

कुपी हातात घेऊन बघायला मिळाली तर अतिनील टॉर्च न्या. माझ्या कुपीच्या खांद्यावरची अर्धी नक्षी झगझगीत उजळली, म्हणजे रंग अलीकडचा. हे मी पहिल्याच भेटीत करायला हवं होतं. वाट बघताना ऑक्सफर्डचा बीझली संग्रह, म्हणजे प्राचीन ग्रीक भांड्यांच्या नोंदी आणि फोटो, मात्र चाळून काढला. ऑनलाइन आहे, फुकट आहे. या भांड्यांवरची काळी चकाकी म्हणजे रंग नव्हे, बारीक मातीचा लेप भट्टीत हवा कमी-जास्त करून काळा केलेला, हे तिथून सुरू झालेल्या वाचनातच कळलं.

आई कोल्हापूरची. तिला फोनवर सांगितलं, ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती आठवते? ती कुठे, कशाकशासोबत मिळाली याची नोंद आहे, म्हणून ती सातवाहनकाळातल्या व्यापाराबद्दल काही सांगते. माझी कुपी मुकी होती. आई म्हणाली, “मग मडकंच की ते.”

आता माझ्याकडे एक लहानसा काळा वाडगा आहे, काठाला कपचा उडालेला. सोबत १९६४ च्या लिलावाच्या कॅटलॉगचं पान, त्यातल्या फोटोतही कपचा त्याच जागी.

हो, आणि अनामत परत मिळण्याची अट आधी लेखी घ्या. माझे साठ पाउंड अजून यायचेत.