एअर रायफलचा ग्रुप २४ मिलिमीटरवरून ९ वर: पावसाळ्यातलं काम

आधी आकडे सांगतो. देशी बनावटीची, नळी जोडापाशी वाकवून छरा भरायची ०.१७७ इंची स्प्रिंग रायफल. लाकडी दस्ता, उघडी साइट (नेम धरायला मागं खाच, पुढं माशी), अंतर १० मीटर. मे महिन्यात दहा छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पसारा, २४ मिलिमीटरच्या आसपास पडायचा. आता तो ९ वर आलाय आणि तिथंच टिकून आहे. रायफलीच्या किमतीच्या पाव हिस्सासुद्धा खर्च झालेला नाही.

ग्रुप कसा मोजतो हे सांगणं गरजेचं आहे, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून छऱ्याच्या व्यासाचे ४.५ मिलिमीटर वजा करायचे. दर वेळी दहा छरे. पाच छऱ्यांचा ग्रुप नशिबानंही छान येतो आणि मग आपण चुकीच्या सुधारणेवर विश्वास ठेवून बसतो. एखादा छरा बाहेर गेला तर "माझा हात हलला" म्हणून तो सोडायचा नाही, तोही धरायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. छरे आणि स्क्रू एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशामुळं झाली हे कधीच कळत नाही.

जागा मामांच्या गुऱ्हाळघराची, करवीर तालुक्यातली. पावसाळ्यात चुलवाण थंड असतं आणि आत सरळ लांब पट्टा मोकळा मिळतो. वारा अजिबात नाही. कार्डामागं लोखंडी पत्रा तिरका लावलेली पेटी ठेवलीय, म्हणजे छरा चपटा होऊन खाली पेटीतच पडतो, उलटून येत नाही. पेटीमागं विटांची भिंत. दार आतून बंद. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावत नाही.

स्क्रू आणि दस्ता

पहिली मोठी सुधारणा इथं झाली आणि ती जवळपास फुकट झाली. स्प्रिंग रायफलचा धक्का दोन्हीकडं असतो: पिस्टन पुढं सुटताना रायफल मागं येते, पिस्टन टोकाला आपटताना पुढं जाते. छरा तोवर नळीतच असतो. या दुहेरी धक्क्यानं दस्त्याचे स्क्रू हळूहळू सैल होत राहतात. त्यात कोल्हापूरचा जून-जुलै. लाकूड ओल धरून फुगतं, उघडीप पडली की आकसतं, आणि काल घट्ट असलेला स्क्रू आज तसा राहत नाही.

सगळे स्क्रू काढून आटे पेट्रोलनं पुसले, पूर्ण वाळू दिले, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून परत बसवले. पुढच्या दोन स्क्रूंच्या भोकांत पितळी नळीचे छोटे तुकडे इपॉक्सीनं बसवले. आता स्क्रू लाकूड दाबत नाही, पितळेवर टेकतो. लाकूड फुगलं काय, आकसलं काय, ताण तोच राहतो. ग्रुप २४ वरून १७ वर आला. माझं ठाम मत आहे: हे केल्याशिवाय कुणीही टेलिस्कोपवर एक रुपया घालू नये.

छरे

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथंच मिळालं.

छऱ्याच्या वजनाबद्दल आपल्यात फार बोललं जातं, म्हणून आधी हिशेब मांडतो. छऱ्याचा वेग सेकंदाला १८० मीटर धरला तर १० मीटर जायला त्याला साधारण ०.०५६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो सुमारे १५ मिलिमीटर खाली येतो. वेग पाच टक्क्यांनी कमी झाला तर तो आणखी दीड मिलिमीटरच्या आसपास खाली जाईल. म्हणजे नुसत्या गुरुत्वाकर्षणानं माझा १७ चा ग्रुप होणं शक्यच नाही. वजनापेक्षा छऱ्याचा आकार जास्त महत्त्वाचा असणार, असा तर्क केला. डोकं नळीच्या आतल्या आट्यांत किती घट्ट बसतं, मागचा घागरा (छऱ्याचा पोकळ घेर) गोल आहे की दाबला गेलाय, हे पाहायचं ठरवलं.

दोन्ही तपासले. वजनासाठी गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा दुपारच्या निवांत वेळी वापरायला मिळाला. स्वस्त डबीतले छरे ०.४८ पासून ०.५५ ग्रॅमपर्यंत पसरलेले निघाले. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या, चपट्या डोक्याच्या आयात छऱ्यांचं वजन ०.५३ ग्रॅम लिहिलेलं असतं आणि काट्यावर जवळपास तेवढंच भरलं.

आकारासाठी काच वापरली. खिडकीची जुनी काच किंचित उतरती ठेवायची आणि एकाच जागेवरून छरा गडगडत सोडायचा. डोकं आणि घागरा यांच्या व्यासात फरक असल्यामुळं छरा वळण घेत जातो. ज्यांचं माप सारखं ते सारखं वळण घेऊन एकाच ठिकाणी पोचतात. घागरा चेपलेला किंवा डोकं लहान असलेला छरा वेगळीकडं जातो. काचेला पैसा लागत नाही आणि डोळ्याला न दिसणारा फरक ती दाखवते.

निकाल असा: स्वस्त डबीतून फक्त वजनानं निवडलेल्या छऱ्यांनी थोडाच फरक पडला, १७ चा १५. काचेवरून निवडलेल्यांनी १३ दिला. चपट्या डोक्याच्या मॅच छऱ्यांनी, काहीही न निवडता, सरळ ११ दिला. त्या डब्यांवर डोक्याचं माप छापलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. माझ्या नळीला ४.५१ मानवतं, तुमच्या नळीला दुसरं मानवेल. महाग डबी रोजच्या सरावाला परवडत नाही, म्हणून सरावाला काचेवरून निवडलेले देशी छरे आणि मोजणीला मॅच छरे अशी वाटणी केलीय. ५० मीटरवाले मोठे नेमबाज ०.२२ च्या काडतुसांच्या वेगवेगळ्या बॅच आपल्याच नळीतून तपासून घेतात आणि जी जुळते तिचाच साठा करतात. आपण छऱ्यांच्या डब्यांबाबत नेमकं तेच करायचं.

सील

नळी बंद होते तिथली रबरी रिंग. जोडापाशी टिश्यू पेपरची पट्टी धरून सुरक्षित दिशेला, पेटीत, फायर केलं तर पट्टी उडत होती, म्हणजे हवा गळत होती. ऑइल सीलच्या दुकानात मापाची ओ-रिंग किरकोळ पैशात मिळाली. ग्रुपमध्ये फार फरक नाही, पण वर-खाली होणारा पसारा कमी झाला.

उद्यमनगर

रायफल सुटताना एक लांब झणझणाट यायचा. स्प्रिंग आतल्या गाइडवर (तिला आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) सैल होती. हे काम घरी करायचं नाही. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि पिन निघाली की मागचा भाग तोंडावर येऊ शकतो. उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागातल्या ओळखीच्या टर्नर मामांनी रायफलचा सांगाडा लेथवर धरला, टेलस्टॉकनं (लेथच्या सरकत्या टोकानं) दाब ठेवला आणि पिन काढून स्प्रिंग हळूहळू सोडली.

मामांनी स्प्रिंगच्या आतून व्हर्नियर फिरवला आणि विचारलं, "गाइड किती घट्ट पायजे?"

म्हटलं, "हातानं दाबून बसावा, पण हलू नये."

"मग लोखंडाचा कशाला? डेलरिनचा करू. स्प्रिंगबी खाणार नाही आन आवाजबी मरंल."

तसाच, डेलरिन या कडक प्लास्टिकचा, केला. स्प्रिंगची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, वर मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पातळ लावलं. पिस्टनच्या पुढं ग्रीस जाता कामा नये. तिथं दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं, धूर येतो, वेग दर वेळी वेगळा येतो आणि सीलही खराब होतो. मामांनी तीनशे रुपये घेतले. झणझणाट गेला आणि ग्रुप १० च्या आत आला. आपल्या गावात असं काम बोटांवर घेणारे कारागीर गल्लीगल्लीत बसलेत हे कोल्हापूरकर नेमबाजांचं भाग्य आहे, आणि आपण त्यांच्याकडं पुरेसं जात नाही.

धरायची पद्धत

स्प्रिंग रायफल वाळूच्या पिशवीवर थेट टेकवली तर ती उडी मारते आणि ग्रुप फुटतो. डावा तळहात पिशवीवर उघडा ठेवायचा, रायफल त्यावर नुसती ठेवायची, बोटांनी आवळायची नाही. तिला दर वेळी सारखाच धक्का खाऊ द्यायचा. दस्त्यावर चिकटपट्टीची खूण केलीय, हात रोज तिथंच येतो. छरा सुटल्यावरही नजर माशीवरच राहिली पाहिजे.

ट्रिगरला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्याची पकड कमी करून ट्रिगर हलका करणं सोपं आहे, पण नळी उघडी असताना खटका सुटला तर बोटं जातात. खोलून साफ केला, एवढंच.

काहीजण सेमी-ऑटोमॅटिकबद्दल, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीबद्दल, विचारतात. ०.१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल आपल्याकडं परवान्याशिवाय घेता येते, सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीचं तसं नाही. पण तत्त्व तेच आहे. अमेरिकेत १९६४ साली आलेली रुगर १०/२२ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल दस्त्यात एका मुख्य स्क्रूवर बसते. तिचे शौकीनही आधी त्या स्क्रूचा ताण, मग काडतुसांची बॅच आणि मग नळीचं तोंड पाहतात. महागडी नळी त्यानंतर.

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर सराव केलेल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेमबाजी) जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. त्या ५० मीटरच्या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे माझ्या १० मीटरच्या हिशेबानं जेमतेम २ मिलिमीटर. ९ च्या पुढं किती वाट आहे ते या आकड्यावरून दिसतं.

पुढचं काम मागच्या साइटचं. उघड्या खाचेऐवजी बारीक छिद्राची साइट बसवायचीय. छिद्राची चकती टर्नर मामांकडूनच करून घेईन, छिद्र १.१ पासून १.३ मिलिमीटरपर्यंत तीन मापांचं. गुऱ्हाळघरातल्या कमी उजेडात कुठलं छिद्र चालतं हे कुणी आधी पाहिलं असेल तर जरूर सांगा. ऑक्टोबरात चुलवाण पेटायच्या आधी मला हे मोजून संपवायचंय.